वेताच्या खुर्च्या, बांबू आणि आपले मंडळ



२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला आलेला पूर आपण कोणीच विसरलेलो नाही. आपल्या सभागृहाच्या मागच्या खोलीतही तेव्हा गुडघाभर पाणी शिरले होते. पाणी ओसरल्यावर आम्ही काही जण खोली उघडायला गेलो. आतले दृश्य असे होते: पुस्तकांसाठी सहा वर्षांपूर्वी घेतलेली दोन तयार कपाटे भिजलेल्या पावासारखी फुगून उभी होती. प्लास्टिकच्या खुर्च्या तरंगत दाराशी येऊन अडकल्या होत्या, पण धुतल्यावर ठीक होत्या. आणि कोपऱ्यात, एकावर एक रचून ठेवलेल्या, आपल्या जुन्या सागवानी खुर्च्या होत्या. वेताने विणलेल्या बैठकीच्या, मोजून ४२.

लाकूड ओले होते, पण एकही सांधा सुटलेला नव्हता. वेताच्या जाळ्या मात्र बऱ्याच कुजल्या, काहींना बुरशी धरली. कार्यकारिणीत सूचना आली की या खुर्च्या भंगारात द्याव्यात आणि त्यांच्या जागी प्लास्टिकच्या नव्या घ्याव्यात. निर्णयापूर्वी आम्हा तिघांना पाहणी करून अहवाल द्यायला सांगितले. तिघांपैकी दोघे बँकेतून निवृत्त आणि एक ताई शाळेतून निवृत्त. सुतारकामातले आम्हाला काही कळत नव्हते. म्हणून विचारत, पाहत, वाचत गेलो. जे कळले ते कोणत्याही घरात फर्निचर घेताना उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

बांबू वेगळा, वेत वेगळा

पहिली चूक आमचीच सुधारली. आपण 'वेताचे-बांबूचे फर्निचर' असे एका दमात म्हणतो, पण या दोन अगदी वेगळ्या वनस्पती आहेत.

बांबू हे गवत आहे. ऊस, ज्वारी, गहू ज्या कुळातले, त्याच कुळातला. त्याची काठी बहुधा आतून पोकळ असते. जमिनीतून कोंब वर येतो तोच पुढे असणाऱ्या जाडीचा येतो, आणि काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो. पुढची तीनेक वर्षे तो वाढत नाही, पिकत जातो, म्हणजे कठीण होत जातो. फर्निचरला असा पिकलेलाच बांबू लागतो.

वेत हा ताडामाडाच्या कुळातला काटेरी वेल आहे. तो आतून भरीव असतो. जंगलातल्या मोठ्या झाडांच्या आधाराने तो खूप उंच चढतो. आपल्याकडे आसाम, अरुणाचल, अंदमान आणि सह्याद्रीच्या दक्षिण भागात तो आढळतो. वाफ किंवा आच दिली की तो हवा तसा वाकतो आणि थंड झाला की तोच आकार धरून राहतो. खुर्चीचे गोल हात वेताचे असतात ते यामुळे. त्याची वरची चिवट साल काढून पातळ पट्ट्या करतात, आणि त्या पट्ट्यांनी बैठक विणतात. आपल्या खुर्च्यांची चौकट सागाची आहे, फक्त जाळी वेताची.

जुन्या मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या अनेकांना आठवत असतील. त्या घाटाचे मूळ मायकेल थोनेट यांनी १८५९ मध्ये बाजारात आणलेल्या १४ क्रमांकाच्या खुर्चीत आहे. बीच झाडाचे लाकूड वाफेने वाकवून चौकट आणि त्यात बैठकीला वेताची जाळी. म्हणजे वेत तेव्हाच समुद्र ओलांडून युरोपात पोचला होता.

याखेरीज आपल्या ओळखीचे आणखीही प्रकार आहेत. काथ्याच्या किंवा सुंभाच्या दोरीने विणलेली बाज. उत्तर प्रदेशात गढमुक्तेश्वरला आणि हरियाणात सरकांडा गवताचे होणारे मोढे. आणि केरळात चीक देणे संपल्यावर तोडलेल्या रबराच्या झाडाचे फर्निचर. हे शेवटचे उदाहरण आम्हाला विशेष आवडले. ते झाड पंचवीस-तीस वर्षे चीक देते, मग नव्या लागवडीसाठी तोडावेच लागते. एके काळी ते बहुतेक सरपणात जायचे, आता त्याच्या खुर्च्या-टेबले होतात.

'पुन्हा येते' म्हणजे काय

बँकेच्या भाषेत सांगायचे तर मुद्दलाला हात न लावता व्याजावर भागवता आले, तरच तो व्यवहार टिकतो.

बांबूच्या बेटाला हे चांगले लागू पडते. दर पावसाळ्यात त्याच बेटातून नवे कोंब येतात. तीन वर्षांवरचे बांबू निवडून काढले आणि कोवळे ठेवले, तर बेट वर्षानुवर्षे देत राहते. पण घाईत सगळेच कापले तर बेट दुबळे होते. म्हणजे 'बांबू आहे, तेव्हा पर्यावरणाला चांगलाच' असे सरसकट म्हणता येत नाही. कापणी कशी झाली यावर ते ठरते.

इथे कायद्याचा एक मोठा अडसर होता. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना वृक्षात केलेली होती. त्यामुळे शेताच्या बांधावर स्वतः लावलेला बांबू तोडायला आणि वाहून न्यायलाही अनेक ठिकाणी परवाने लागत. २०१७ च्या दुरुस्तीने बांबू वृक्षाच्या व्याख्येतून बाहेर काढला गेला. आता वनक्षेत्राबाहेर लावलेल्या बांबूला ही अडचण नाही आणि शेतकऱ्याला तो पीक म्हणून घेता येतो. कोकणात सिंधुदुर्गाकडे होणारा माणगा फर्निचरला फार चांगला मानतात, कारण तो सरळ, बिनकाट्याचा आणि जवळजवळ भरीव असतो. कुडाळला कोकण बांबू अँड केन डेव्हलपमेंट सेंटर ही संस्था याच कामात आहे.

वेताचे गणित थोडे नाजूक आहे. वेताला चढायला उभी झाडे लागतात. जंगल तुटले की वेत गेला. उलट बाजूने पाहिले तर वेतावर पोट असलेल्या माणसाला जंगल उभे राहिलेले हवे असते. पण वेत अति काढला गेला तर जंगल असूनही तो संपत जातो. जगात सर्वाधिक वेत इंडोनेशियात होतो. त्या देशाने २०१२ पासून कच्च्या वेताची निर्यात बंद केली, ती आपल्याच कारागिरांना माल मिळावा म्हणून.

आपल्या दारातले

बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटरवर ओरसंग नदीकाठी संखेडा आहे. तिथला हिंचका आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल, कोणाकडे लग्नातला आहेरही असेल. सागाचे लाकूड कातून त्यावर लाखेचे रंग चढवतात, म्हणून तो इतका झळकतो. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्याने तयार केलेली राळ. लाखेचे हे काम सावंतवाडीच्या खेळण्यांतही आहे, तेव्हा आपल्या दोन्ही घरांशी त्याचे नाते आहे. संखेड्याच्या कामाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मात्र आता रासायनिक रंग आणि पॉलिशही वापरात आहे, म्हणून घेताना 'लाखेचे आहे का?' असे विचारावे.

दक्षिण गुजरातेत तापी, डांग, नर्मदा या जिल्ह्यांत कोटवाळिया समाज राहतो. पिढ्यान् पिढ्या बांबूच्या टोपल्या, सुपे, चटया विणणे हेच त्यांचे काम. महाराष्ट्रात जे काम बुरूड समाज करतो तेच. स्वयंपाकघरातून सूप-टोपली गेली तसे यांचे गिऱ्हाईकही गेले. त्यांच्यापैकी काही जण आता बांबूच्या खुर्च्या, मोढे, टेबले करू लागले आहेत.

नुसते 'नैसर्गिक' लिहून भागत नाही

आमच्या फुगलेल्या कपाटांकडे परत येऊ. तीही झाडापासूनच केलेली होती. लाकडाचा चुरा आणि बारीक तुकडे डिंकासारख्या रसायनात मिसळून दाबून त्या फळ्या करतात. कोरड्या जागी त्या चालतात. पाणी शिरले की चुरा फुगतो आणि वाळल्यावर पूर्वस्थितीला येत नाही. अशा फळीला पुन्हा रंधा मारता येत नाही, खिळा धरत नाही, आणि त्यातल्या रसायनामुळे ती जाळणेही बरे नव्हे. सागाच्या खुर्च्या त्याच पाण्यात चार दिवस होत्या. सावलीत पंधरा दिवस वाळवल्या आणि उभ्या राहिल्या.

तेव्हा फर्निचर घेताना 'हे कशाचे आहे?' याबरोबर 'हे मोडले तर दुरुस्त होते का?' हाही प्रश्न विचारायला हवा. आमच्या मते दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

बाजारात 'वेताचे' म्हणून विकले जाणारे बरेच सामान प्लास्टिकच्या पट्ट्यांचे असते. बागेत, गच्चीवर ते टिकते, त्यात वाईट काही नाही. पण पैसे वेताचे देऊ नयेत. ओळख सोपी आहे. खऱ्या वेताचा रंग पट्टीगणिक थोडा बदलतो, अधूनमधून पेराची खूण दिसते, आणि कापलेल्या टोकाला बारीक छिद्रे व तंतू दिसतात. प्लास्टिकची पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी असते.

बांबू घेताना प्रक्रियेची चौकशी करावी. बांबूत पिष्ट असते, म्हणजे किड्याचे जेवण. ते काढण्यासाठी पूर्वी बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत. आता टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवतात. प्रक्रिया न केलेल्या बांबूला वर्षा-दोन वर्षांत बारीक भोके पडतात आणि खाली पिठासारखी भुकटी दिसू लागते. मग लोक म्हणतात, बांबू टिकत नाही. दोष बांबूचा नसतो, वगळलेल्या प्रक्रियेचा असतो.

खुर्चीचा हिशेब

आता मूळ प्रश्न. खुर्च्या ठेवाव्यात की द्याव्यात?

अहवालात आम्ही दोन्ही बाजू मांडल्या. मंडळाच्या जुन्या नोंदवहीनुसार या खुर्च्यांच्या बैठका शेवटच्या १९९८ मध्ये विणून घेतल्या होत्या, म्हणजे पुरापर्यंत २६ वर्षे गेल्या. प्लास्टिकच्या ६० खुर्च्या २००९ मध्ये घेतल्या. आज त्यांतल्या २३ चांगल्या आहेत. बाकीच्यांचे पाय किंवा पाठ बहुधा आठ-दहा वर्षांत तुटली आणि त्या गेल्या. एक बैठक हाताने विणून घ्यायला प्लास्टिकच्या नव्या खुर्चीच्या साधारण दुप्पट पैसे पडतात. वर्षांवर भागले तर दोन्हींचा खर्च जवळपास सारखाच येतो. 'जुने ते स्वस्त' असे सांगायला आम्हाला आवडले असते, पण आकडे तसे म्हणत नाहीत.

आमच्यातल्या ताईंनी आणखी एक गोष्ट स्पष्टच विचारली, "गणपतीत या खुर्च्या मांडवात कोण नेणार आहे? तुम्ही दोघे उचलणार का?" प्रश्न रास्त होता. सागवानी खुर्ची जड असते आणि आपले स्वयंसेवक आता साठीचे आहेत. ढेकणांची आठवणही निघाली. वेताची खुर्ची आणि ढेकूण ही जोडी आपल्या पिढीने चांगलीच भोगली आहे.

हे सारे चालू असताना आम्ही एका कारागिराला पाहणीसाठी बोलावले. त्यांना दिसत नाही. अंधांसाठीच्या एका शाळेत ते तरुणपणी खुर्ची विणायला शिकले. आमच्या नोकरीच्या काळात सरकारी कचेऱ्यांत आणि बँकांत वेताच्या खुर्च्या असत, आणि त्या विणायला असेच कारागीर येत. आमच्या शाखेतही वर्षातून एकदा मागच्या व्हरांड्यात दोन-तीन जण दिवसभर बसलेले असायचे. आम्ही व्हाउचरवर सही करायचो. हे काम कसे होते ते कधी थांबून पाहिले नाही, हे आता लिहिताना संकोच वाटतो.

त्यांनी एक खुर्ची पुढे ओढली, चौकटीच्या कडेवरून बोट फिरवत भोके मोजली, चारही पाय हलवून पाहिले आणि म्हणाले, "लाकडुं सारुं छे, फेंकशो नहीं." मग एकेक खुर्ची हाताने तपासत त्यांनी ४२ खुर्च्यांच्या दोन रांगा केल्या. ९ खुर्च्यांना आतून वाळवी होती. आम्हाला ती डोळ्यांनी दिसली नव्हती, त्यांना टिचकीच्या आवाजावरून कळली.

विणकाम त्यांनी आमच्यासमोर केले. वेताची पट्टी आधी पाण्यात भिजवतात, म्हणजे ती नरम होते. मग भोकांतून दोन वेळा उभी, दोन वेळा आडवी आणि शेवटी दोन दिशांनी तिरकी ओवतात. कडेला जाड पट्टी बांधून घेतात. वाळल्यावर वेत आखडतो आणि जाळी ढोलासारखी ताणली जाते. एका बैठकीला त्यांना जवळजवळ दोन दिवस लागले. काम किती मिळते असे विचारले, तेव्हा म्हणाले की कचेऱ्यांत चाकांच्या खुर्च्या आल्या, आता महिन्याला दोन-तीन खुर्च्या मिळाल्या तरी खूप. त्यांच्याबरोबर शिकलेल्यांपैकी आता हे काम करणारे दुसरे कोणी त्यांना माहीत नव्हते.

आमचा अहवाल तिथेच ठरला. खर्च सारखाच असेल, तर तो कोणाच्या हातात जातो हे पाहायला हरकत नाही. आणि एक साधी गोष्ट लक्षात आली. या खुर्च्या टिकल्या त्या सागाच्या आहेत एवढ्यामुळे नव्हे. १९९८ मध्ये त्या विणणारा कोणी होता, म्हणून टिकल्या. विणणारा उरला नाही, तर सर्वांत उत्तम लाकडाची खुर्चीही भंगारच.

कार्यकारिणीने सुवर्णमध्य काढला. मांडवासाठी आणि बाहेरच्या कार्यक्रमांना प्लास्टिकच्या खुर्च्या राहतील. सभागृहातल्या बैठकीसाठी, वाचनकट्ट्यासाठी ३३ सागवानी खुर्च्या ठेवायच्या आणि टप्प्याटप्प्याने विणून घ्यायच्या. ९ खुर्च्यांचे वाळवी न लागलेले भाग दुरुस्तीसाठी काढून घेतले. आजवर १२ खुर्च्या तयार झाल्या आहेत. सभागृहात आलात की बसून पाहा. उन्हाळ्यात पाठीला वारा लागतो, ते सुख प्लास्टिकच्या खुर्चीत नाही.

घरच्या वेत-बांबूची निगा

१. वेताच्या बैठकीवर उभे राहू नये, गुडघा टेकू नये. पंखा पुसायला स्टूल घ्यावे.

२. जाळी सैल झाली, पण तुटलेली नसेल, तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने गरम पाण्यात पिळलेले फडके फिरवावे आणि सावलीत वाळू द्यावी. वाळताना वेत आखडून पुन्हा ताणला जातो.

३. कडक उन्हात रोज ठेवू नये. वेत कोरडा होऊन तडकतो. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नये, हवा खेळू द्यावी. बुरशी दिसली तर लगेच पुसून कोरडी करावी.

४. ढेकणांची शंका आली तर कडेच्या पट्टीखाली आणि सांध्यांत पाहावे. तीच त्यांची घरे. फटी बुजवलेल्या व सांधे घट्ट असलेल्या खुर्चीत त्यांना जागा मिळत नाही.

५. एखादी पट्टी तुटली की लगेच दाखवावी. एका पट्टीचे काम पूर्ण बैठकीवर जायला वेळ लागत नाही.

६. जाळी दोन प्रकारची असते. चौकटीला भोके असतील तर ती हाताने विणलेली. भोकांऐवजी सलग खाच असेल तर तयार विणलेली जाळी खाचेत ठोकून बसवलेली. दुसरी लवकर आणि कमी खर्चात बदलता येते. दुरुस्तीला देण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

एक विनंती

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या माळ्यावर आजोबांची आरामखुर्ची, आजीचा मोढा किंवा जाळी फाटलेली एखादी खुर्ची पडून असेल. चौकट शाबूत असेल तर ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा आम्हाला सांगा. मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवली आहे. तिच्यात नाव आणि खुर्च्यांची संख्या लिहावी. एकगठ्ठा काम असले की कारागिरांनाही बरे पडते. मजुरी ज्याची त्याने थेट त्यांनाच द्यायची आहे, मंडळ मध्ये काही घेत नाही.

शिवाय ते शिकवायला तयार आहेत. दोन जणांनी, त्यात एक कॉलेजात जाणारी मुलगी, नावे दिली आहेत. आणखी कोणाला हौस असेल तर यावे. वयाची अट नाही. आम्ही तिघांनीही एक खुर्ची घेऊन सुरुवात केली आहे. उभे-आडवे जमते, तिरक्याला अजून चुकतो. त्यांना न पाहता कळते की चूक कुठल्या भोकात आहे.

चूकभूल द्यावी घ्यावी.